हान्स बर्गर: मेंदूची रेघ पहिल्यांदा वाचणारा माणूस

मागच्या दिवाळीत चंद्रपूरला घरी आलो तेव्हा सोबत एक हेडबँड आणला होता. कपाळावर पट्टा लावायचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि ॲपमध्ये आपल्या मेंदूच्या लहरी बघायच्या, असं ते प्रकरण. एकाग्रता वाढली की स्क्रीनवरचा हिरवा गोल मोठा होतो, मन भरकटलं की आक्रसतो. मित्रमंडळी जमली, एकेकाने डोक्यावर चढवून पाहिला. सगळ्यात जास्त फोकस कोणाचा आला? तर गालात खर्रा धरून निवांत चघळत बसलेल्या आमच्या एका मित्राचा. १०० पैकी ९४. पुढचे दोन दिवस तो हाच आकडा सांगत गावभर फिरत होता.

कारण साधं होतं. जबडा हलला की कानशिलाजवळचे स्नायू आवळतात, आणि आवळणारा स्नायूही वीज तयार करतो. मेंदूकडून कवटीबाहेर जेमतेम पोचणाऱ्या विजेपेक्षा ती कितीतरी जोरदार असते. हेडबँडला दोन्हींतला फरक कळला नाही. त्याने ती भराभर होणारी थरथर मेंदूची बीटा लहर समजून घेतली, आणि बीटा म्हणजे एकाग्रता असं गणित लावून ॲप मोकळं झालं. (खर्रा सोडा रे बाबांनो, पण तो विषय वेगळा.)

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. सेन्सरमधून कचरा आला तर वर दिसणारा आकडाही कचराच, हे मला नवीन नाही. पण या निमित्ताने वाचत गेलो तेव्हा कळलं की आपल्या हातात आलेली रेघ मेंदूची की दुसऱ्याच कशाची, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरला पाच वर्षं छळत होता. त्याचं नाव हान्स बर्गर. माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी त्याने काढला. अल्फा आणि बीटा ही नावंही त्याचीच. आज न्यूरोफीडबॅक म्हणून जे काही विकलं जातं त्याचा पाया त्याने घातला, आणि त्याला स्वतःला मात्र शोधायचं होतं भलतंच काहीतरी.

दमयंतीचं आजोळ

बर्गरचा जन्म २१ मे १८७३ चा, जर्मनीतल्या कोबुर्गजवळच्या नॉयझेस गावातला. वडील डॉक्टर. आई फ्रीडरिश र्‍युकर्ट या प्रसिद्ध कवीची मुलगी. हा आजोबा आपल्या ओळखीचा निघतो. र्‍युकर्ट संस्कृत जाणणारा पंडित होता आणि १८२८ साली त्याने महाभारतातलं नलदमयंतीचं आख्यान जर्मन कवितेत आणलं. दमयंती म्हणजे आपल्या विदर्भाची राजकन्या, भीमराजाची लेक. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोघांच्या मनातलं एक हंस इकडून तिकडे पोचवतो, तीच ती गोष्ट. नातवाचं नाव हान्स असणं हा निव्वळ योगायोग. जर्मनीत हे नाव आपल्याकडच्या राजूइतकं सर्रास. पण मनातलं दूरवर कसं पोचतं, या कोड्याने या नातवाचं आयुष्य मात्र व्यापलं.

झालं असं. बर्गरला आधी खगोलशास्त्रात जायचं होतं. कॉलेजात मन रमेना म्हणून तो वर्षभरासाठी सैन्यात गेला. व्युर्त्सबुर्गला सराव चालू असताना त्याचा घोडा बिथरला, पुढचे पाय वर करून उभा राहिला आणि बर्गर खाली पडला, तो नेमका घोडे जुंपलेल्या तोफेच्या वाटेत. चाक अंगावरून जाणार एवढ्यात तोफ थांबली. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याच संध्याकाळी घरून तार आली. वडिलांनी तब्येत विचारली होती. घरून याआधी कधी अशी तार आलेली नव्हती. मग कळलं की दूर घरी असलेल्या बहिणीला त्या दिवशी एकाएकी वाटून गेलं होतं की हान्सवर काहीतरी संकट आहे, आणि तिच्याच हट्टापायी वडिलांनी तार केली होती.

आपल्याकडे अशा गोष्टी घरोघरी असतात. आजीला स्वप्न पडलं आणि तिकडून फोन आला, वगैरे. बहुतेक लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. बर्गर विसरला नाही. संकटाच्या क्षणी आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं आणि बहिणीपर्यंत पोचलं, अशी त्याची खात्री झाली. बाहेर पडणारं जे काही असेल ती ऊर्जा असणार, आणि ऊर्जा असेल तर ती मोजता आली पाहिजे. खगोलशास्त्र सोडून तो वैद्यकाला लागला.

वीस वर्षं हिशोब जुळेना

१८९७ मध्ये पदवी घेऊन बर्गर येना शहरातल्या विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला आणि जन्मभर तिथेच राहिला. तिथला प्रमुख होता ओटो बिन्सवांगर. या माणसाच्या हाताखाली बर्गरने दिवसा नेमून दिलेलं काम केलं आणि उरलेल्या वेळात स्वतःचा हिशोब मांडला.

हा हिशोब इंजिनियरला लगेच पटेल असा होता. रक्तातून मेंदूला इतकी इतकी ऊर्जा मिळते. त्यातली काही उष्णता होऊन जाते, काही वीज होऊन जाते. या दोन्ही मोजल्या आणि वजा केल्या तर जी शिल्लक राहील ती विचारांची ऊर्जा. म्हणून त्याने आधी कवटीला भोक असलेल्या रुग्णांमध्ये मेंदूतल्या रक्ताचे ठोके मोजले. मग मेंदूचं तापमान मोजलं, त्यावर १९१० साली पुस्तकही लिहिलं. शिल्लक काही सापडली नाही. मोजमापं इतकी ढोबळ होती की शिल्लक असती तरी दिसली नसती.

राहिली वीज. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ सालीच दाखवलं होतं, सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून. बर्गरने कुत्र्यांवर प्रयत्न केले, हाती धड काही लागलं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, तो लष्करी डॉक्टर म्हणून पश्चिम आघाडीवर गेला. परत आल्यावर १९१९ मध्ये त्याला बिन्सवांगरची जागा मिळाली, तो रुग्णालयाचा संचालक झाला.

सहकाऱ्यांना दिसणारा बर्गर म्हणजे घड्याळ लावून चालणारा, कडक, अबोल माणूस. ठरलेल्या वेळी राउंड, ठरलेल्या वेळी लेक्चर. संध्याकाळी तो आवारातल्या एका छोट्या इमारतीत जाऊन तासन्‌तास काय करतो हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

६ जुलै १९२४ ला त्या कष्टाचं पहिलं फळ मिळालं. शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग नसलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्याने इलेक्ट्रोड लावले, आणि गॅल्व्हनोमीटरची तार बारीकशी थरथरली.

बारीक म्हणजे किती? टॉर्चमधला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा. डोक्याच्या त्वचेवर मिळणारी अल्फा लहर साधारण ५० मायक्रोव्होल्टची, म्हणजे त्या सेलचा तीस हजारावा भाग. आणि आजूबाजूला काय गोंधळ असतो बघा. डोळ्याची पापणी लवली की याहून मोठी लाट उठते. हृदयाचा ठोका मिसळतो. घाम आला की रेघ सरकते. आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथून निघालेली वीज घराघरांत सेकंदाला ५० आवर्तनं करत धावते आणि तिची गुणगुण ईईजीच्या प्रत्येक तारेत शिरते. आज आपल्याकडे ॲम्प्लिफायर आहेत, ५० हर्ट्झ काढून टाकणारे फिल्टर आहेत. बर्गरकडे सुरुवातीला यातलं काही नव्हतं. गॅल्व्हनोमीटरवरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि कागद धुतल्यावर रेघ दिसायची. आधी तो सुया त्वचेखाली टोचायचा, नंतर चांदीचे पातळ पत्रे वापरू लागला.

आणि इथे तो माणूस मला मनापासून आवडतो. हाती जगातला पहिला ईईजी आहे. वीस वर्षं शोधत होता ती वीज समोर दिसते आहे. तरी त्याने पाच वर्षं काहीही छापलं नाही. ही थरथर मेंदूची कशावरून? रक्ताच्या ठोक्याची असेल. टाळूखालच्या स्नायूची असेल. कातडीचीच असेल. तो एकेक शंका घेऊन बसला. ईईजीच्या रेघेखाली त्याच कागदावर ईसीजीची रेघ काढायची, म्हणजे हृदयाचा ठोका कुठे पडतो ते दिसेल. त्याच्याखाली वेळेची रेघ, सेकंदाला १० खुणा. कवटी शाबूत असलेल्या माणसांवर, कवटीला भोक असलेल्यांवर, स्वतःवर, आणि सगळ्यात जास्त वेळा घरच्याच पोरांवर. मुलगा क्लाऊस तर बापाच्या प्रयोगात बसून बसून कंटाळला असणार, इतक्या वेळा त्याच्या डोक्यावर पट्ट्या बांधल्या गेल्या.

यातून जे उरलं ते असं. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यातून सेकंदाला साधारण १० वेळा चढउतार होणारी लयदार लहर येते. तिला त्याने अल्फा म्हटलं. डोळे उघडले की ती विरते आणि बारीक, वेगवान, कमी उंचीची रेघ उरते. ती बीटा. मुलगी इल्झेला डोळे मिटून बसवलं आणि मनात भागाकार करायला सांगितला, तर गणित चालू असताना अल्फा दबली, उत्तर सांगितल्यावर परत आली.

लहर म्हणजे नक्की काय

चैत्रात महाकालीच्या यात्रेला गेला असाल तर हे समजायला सोपं आहे. यात्रेतले हजारो लोक आपापसात बोलत असतात तेव्हा लांबून ऐकणाऱ्याला नुसता गलका ऐकू येतो. आरती सुरू झाली, सगळ्यांच्या टाळ्या एका तालात पडू लागल्या की तोच जमाव लांबूनही लयीत ऐकू येतो. माणसं तेवढीच, फक्त ती एकत्र वाजतायत. मेंदूचंही तसंच. एकट्या पेशीची वीज कवटीबाहेर येऊच शकत नाही. लाखो पेशी एका तालात आल्या तरच लहर दिसते. डोळ्यांकडून आलेली माहिती डोक्याच्या मागच्या भागात पोचते. डोळे मिटले की तिथलं काम कमी होतं आणि तिथल्या पेशी एका तालात येतात. हा अल्फा. डोळे उघडले की जो तो आपापल्या कामाला लागतो, ताल मोडतो.

म्हणजे अल्फा दिसणं हे मुख्यतः पाहण्याचं काम थांबल्याचं लक्षण आहे. त्याला मनःशांती म्हणणं ही आपली पुढची उडी.

ताडोब्यात गाईड काय करतो ते आठवा. मोहर्लीच्या गेटमधून आत शिरलं की तो डोळ्यांइतकाच कानांनी वाघ शोधतो. चितळ ओरडलं, वानराने झाडावरून कॉल दिला की जिप्सी थांबवतो. त्या कॉलवरून त्याला एवढं कळतं की त्या बाजूला काहीतरी हललं. वाघ की बिबट, भुकेला की पोट भरलेला, पुढे कुठे जाणार, हे कॉलमध्ये नसतं. चितळ तर उगाचही ओरडतं, म्हणून मुरलेले गाईड सांबराच्या कॉलवर जास्त भरवसा ठेवतात, पायवाटेवरचे पगमार्क बघतात, मग बोलतात. ईईजी वाचणं हे या जातीचं काम आहे. एका लहरीवरून वाघ दिसला म्हणून ओरडणारा गाईड कोणाला नको असतो, पण हेच करणारं ॲप आपण पैसे देऊन घेतो.

आणि बर्गर? तो बाहेर पडला होता एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी ऊर्जा शोधायला. त्याला सापडलं डोळे उघडे की मिटलेले ते सांगणारं यंत्र. ५० मायक्रोव्होल्टची ती चिमूटभर वीज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचणार नाही, तिथे गावाकडच्या बहिणीचं काय. हे त्याला कळत होतं. छापलेल्या निबंधांत त्याने टेलिपथीचा मोह बाजूला ठेवून फक्त रेघेत दिसलं तेवढंच लिहिलं. मनातून मात्र तो विषय गेला नव्हता. १९४० मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं, त्यात तारेची ती जुनी गोष्ट आणि मनाच्या ऊर्जेचा विचार पुन्हा आहे.

१९२४ या सालाची एक गंमत सांगतो. त्याच वर्षी आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुण्यांनी, कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते एक्स-रे आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांनी तपासायला घेतलं. एक जण येनात, एक जण सह्याद्रीत. आत काय चाललंय ते यंत्राला विचारायचं, ही दोघांची एकच खोड.

किड्याची लहर

१९२९ मध्ये पहिला निबंध आला. मग ओळीने आणखी, १९३८ पर्यंत एकूण १४. जगाने फारशी दखल घेतली नाही. मेंदूसारख्या गुंतागुंतीच्या अवयवातून इतकी साधी, शाळकरी पोराने काढल्यासारखी नागमोडी रेघ यावी हे शास्त्रज्ञांना पटेना. शिवाय बर्गर मनोविकारतज्ज्ञ, विजेच्या यंत्रात तसा कच्चा.

केंब्रिजच्या एडगर एड्रियनला १९३२ चं नोबेल मिळालं होतं. त्याने ब्रायन मॅथ्यूज या सहकाऱ्याबरोबर बर्गरचं खोटं निघतं का ते बघायला प्रयोग सुरू केला आणि एड्रियनच्याच डोक्यातून सुंदर अल्फा निघाला. मॅथ्यूजच्या डोक्यातून तो तितका छान निघेना. (माझ्या ओळखीच्या एकाने हेडबँडमध्ये अल्फा कमी दिसला म्हणून रात्र जागून काढली होती. अल्फा कमी असणारी माणसं अगदी ठणठणीत असतात, एखाद्याचा तसाच असतो.) १९३४ मध्ये त्यांनी निबंध छापला आणि नाव दिलं बर्गर ऱ्हिदम. त्याच निबंधात त्यांनी एका पाणकिड्याच्या डोळ्यामागच्या मज्जागाठीतली लहरही शेजारी ठेवली होती, तीही अशीच लयदार. म्हणजे ही लय काही उच्च विचारांची खूण नाही, हे तेव्हाच कळून चुकलं. मला हा किडा फार महत्त्वाचा वाटतो. मेंदूच्या लहरींवरून व्यक्तिमत्त्व सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीशेजारी त्याचा फोटो असायला हवा.

१९३७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत एड्रियन आणि बर्गर एका व्यासपीठावर होते. एव्हाना अमेरिकेत, बॉस्टनला, गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी एपिलेप्सीच्या एका प्रकारात सेकंदाला तीन वेळा येणारा ठराविक आकार १९३५ सालीच दाखवला होता. ईईजीला खरं काम मिळालं ते इथे.

कोर्टातला बर्गर

आता जो भाग आहे तो बरीच वर्षं बर्गरच्या चरित्रात वेगळाच सांगितला जायचा. नाझींनी त्याला छळलं, काम बंद पाडलं, म्हणून त्याने जीव दिला, अशी ती गोष्ट. इतिहासकारांनी येनाची कागदपत्रं काढल्यावर ती टिकली नाही.

जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने एक कायदा केला. ज्यांचे आजार आनुवंशिक ठरवले जातील त्यांची सक्तीने नसबंदी करायची. यादीत स्किझोफ्रेनिया होता, आनुवंशिक अंधत्व होतं, आणि आनुवंशिक एपिलेप्सीही होती. निकाल देण्यासाठी खास न्यायालयं नेमली. सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. खालच्या निकालावर दाद मागायला जे वरचं न्यायालय होतं, त्यातल्या येनाच्या न्यायालयात सदस्य म्हणून बसणाऱ्या डॉक्टरांमध्ये हान्स बर्गर होता. तो एसएस संघटनेला वर्गणी देणारा सभासदही होता. माझं हे करू नका म्हणून आलेले लोकांचे अर्ज त्याच्यासमोर यायचे आणि फेटाळले जायचे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला. स्वतःच्या रेघेवर पाच वर्षं संशय घेणारा हाच माणूस. कातडीची असेल, स्नायूची असेल म्हणून छापायला धजत नव्हता तो. आणि समोरच्या जिवंत माणसाच्या नावापुढे आनुवंशिक हा शिक्का बसताना त्याला कशावरून असं विचारावंसं वाटलं नाही? या दोन बर्गरांची जुळवाजुळव मला करता आलेली नाही.

१९३८ मध्ये तो निवृत्त झाला. १९४१ मध्ये त्या न्यायालयाचं काम पुन्हा करायची त्याने तयारी दाखवली होती. त्याच वर्षी नैराश्याने त्याला गाठलं आणि १ जून १९४१ ला, ज्या रुग्णालयात आयुष्य गेलं तिथेच, त्याने गळफास घेतला. वय ६८.

हे जर्मनीतलं, जुनं, म्हणून सोडून देता येत नाही. आमच्याकडे गावात अजूनही कोणाला फिट आली की चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून ईईजी काढायला निघायचं म्हणजे मजुरीचा दिवस मोडतो, आणि पोरीचं लग्न मोडेल या भीतीने घरचे आजार लपवतात तो वेगळाच. भीती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नाला अडचण म्हणून चक्क लिहिलेली होती. तो शब्द निघाला १९९९ मध्ये.

बर्गरनंतर: लहर बघून लहर बदलणं

आतापर्यंत माणूस लहर नुसती बघत होता. १९५० चं दशक संपत आलं तेव्हा शिकागोत जो कामिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलटा प्रश्न विचारला. त्याने माणसाला डोळे मिटून बसवलं, मधूनमधून घंटा वाजवली आणि आत्ता तुझा अल्फा चालू आहे की नाही ते ओळखायला सांगितलं. उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळवायचं. सुरुवातीला अंदाजपंचे. काही बैठकांनंतर लोक बरोबर ओळखू लागले. पुढे त्यांना आवाज ऐकवून अल्फा वाढवायला शिकवता आलं. न्यूरोफीडबॅकची सुरुवात ही.

दुसरा धागा मांजरांचा. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मनने १९६० च्या दशकात मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची एक विशिष्ट लहर वाढवली की दूध-खाऊ मिळेल असं शिकवलं. नंतर वेगळ्याच कामासाठी, रॉकेटच्या इंधनातल्या हायड्राझिनमुळे फिट का येतात ते तपासायला, त्याने मांजरं वापरली. ही शिकलेली मांजरं इतरांपेक्षा उशिरा फिटमध्ये गेली. मांजराला जाहिरात वाचता येत नाही, म्हणून हा पुरावा मला वजनदार वाटतो. मग त्याने एपिलेप्सीच्या माणसांवर हेच करून पाहिलं. बर्गरच्या न्यायालयात ज्या आजारासाठी नसबंदी लिहून दिली जायची, त्याच्यावर बर्गरच्याच यंत्राने शिकवणी सुरू झाली.

आजचं प्रशिक्षण कसं चालतं? आधी तुमची नेहमीची लहर नोंदवायची, कारण दहा वर्षांच्या पोराची आणि चाळीस वर्षांच्या माणसाची लय वेगळी असते, झोप अपुरी असेल तर वेगळी, काही औषधं चालू असतील तर आणखी वेगळी. मग कुठला पट्टा वाढवायचा किंवा कमी करायचा ते ठरवून एक मर्यादा लावायची. ती ओलांडली की आवाज किंवा चित्र. मेंदू त्या बक्षिसाच्या मागे लागतो. सगळी मेख मर्यादा लावणाऱ्यात आहे. ४ ते ८ हर्ट्झची थीटा लहर वाढली, तर माणूस ध्यानात गेला की पेंगायला लागला? रेघेत दोन्ही बरंचसं सारखं दिसतं. जाणकार माणूस डोळ्यांच्या हळू हालचालींची खूण शोधतो, खुर्चीतल्या माणसाकडे बघतो. ॲप तुमच्याकडे बघत नाही. जबडा आवळून बीटा वाढवायला मेंदू लगेच शिकतो, खर्रावाल्या मित्राने तर शिकायचीही वाट पाहिली नाही.

आणि फायदा? चंचल मुलांच्या एडीएचडीसाठी याची खूप जाहिरात होते. अमेरिकेत मोठी, काटेकोर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापला. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना लुटुपुटीचं, कोणाला कुठलं ते घरच्यांनाही माहीत नाही. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे रोज कोणीतरी पोराला शांत बसवून कौतुक केलं याचा गुण मोठा होता. महागडं पॅकेज घ्यायला निघालेल्या आईबापांना कोणीतरी हे सांगायला हवं.

लहरींचा अर्थ लावायची घाई आपल्या राज्यातही झाली आहे. २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींची चाचणी पुरावा म्हणून वापरली गेली आणि शिक्षा झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

माझ्या हेडबँडचं काय झालं? परत करता आला नाही, मुदत संपली होती. पण ॲपच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी कच्ची रेघ दाखवायचा पर्याय सापडला. गोल नाही, आकडा नाही, नुसती रेघ. पट्टा मागे, डोक्याच्या मागच्या बाजूला सरकवून केस बाजूला केले, मिक्सर आणि चार्जर बंद केले, आणि आईला डोळे मिटून बसायला सांगितलं. तुमच्याकडे असं काही असेल तर हेच करून बघा, बर्गरचीच परीक्षा आहे. तिला वाटलं मी आरोग्य तपासतोय, ती अगदी स्तब्ध बसली. पंधरा-वीस सेकंद काही नाही. मग स्क्रीनवर गोलसर उंचवटे यायला लागले, एकामागे एक. मी एका सेकंदातले मोजले. दहा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, आईने डोळे उघडले, आणि रेघ सपाट झाली.